चेकॉव्हचा वीस वर्षांचा खोकला

आधुनिक लघुकथेला नवे वळण देणारा कथाकार आणि 'सीगल', 'अंकल वान्या', 'थ्री सिस्टर्स', 'चेरी ऑर्चर्ड' या नाटकांचा कर्ता म्हणून आंतोन चेकॉव्हचे नाव जगभर आदराने घेतले जाते. तो पेशाने डॉक्टर होता, हेही अनेकांना ठाऊक असते. मात्र ज्या क्षयरोगाने वयाच्या ४४व्या वर्षी त्याचा बळी घेतला, त्याची पहिली ठळक खूण त्याला डॉक्टरकीची पदवी मिळाली त्याच वर्षी दिसली होती, ही बाब फारशी सांगितली जात नाही. त्यानंतर तब्बल बारा वर्षे हा डॉक्टर स्वतःची छाती सहकाऱ्यांकडून तपासून घेण्याचे टाळत राहिला. शेकडो रुग्णांच्या छातीला कान लावणाऱ्या या माणसाने स्वतःच्या खोकल्याकडे पाठ का फिरवली, या प्रश्नाच्या उत्तरात त्याचे सारे आयुष्य दडलेले आहे.

किराणा दुकानातील बालपण

चेकॉव्हचा जन्म २९ जानेवारी १८६० रोजी अझोव्ह समुद्राकाठच्या तागानरोग या बंदराच्या गावी झाला. त्याचे आजोबा भूदास होते. काडी काडी जमवून १८४१ मध्ये त्यांनी जमीनदाराकडून स्वतःचे आणि कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले. वडील पावेल यांचे किराणा मालाचे दुकान होते. ते अत्यंत धार्मिक आणि तितकेच कठोर होते. पहाटे चर्चच्या गायनवृंदात गाणे, दिवसभर शाळा आणि संध्याकाळी थंडीने गारठलेल्या दुकानात गल्ल्यावर बसणे, असा मुलांचा दिनक्रम असे. चूक झाली की चाबकाचा मार ठरलेला.

१८७६ मध्ये पावेल यांचे दिवाळे वाजले. कर्जफेड न झाल्यास होणारी कैद टाळण्यासाठी ते मॉस्कोला पळून गेले आणि पाठोपाठ कुटुंबही गेले. सोळा वर्षांचा आंतोन शाळा पूर्ण करण्यासाठी एकटाच मागे राहिला. शिकवण्या करून त्याने स्वतःचे पोट भरले, घरातील उरलेसुरले सामान विकले आणि जमतील तसे पैसे मॉस्कोला पाठवले. १८७९ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत प्रवेश घेण्यासाठी तो तेथे पोहोचला, तेव्हा सारे कुटुंब एका ओलसर तळघरात दाटीवाटीने राहत होते. सहा भावंडांत तो तिसरा. परंतु वडील हतबल झालेले आणि दोघे थोरले भाऊ मद्याच्या आहारी गेलेले. त्यामुळे कर्तेपण विशीतल्या आंतोनकडे आले, ते अखेरपर्यंत सुटले नाही.

घरखर्चासाठी त्याने विनोदी साप्ताहिकांतून लिहायला सुरुवात केली. 'अंतोशा चेखोन्ते' या टोपणनावाने त्याने शेकडो छोट्या कथा, चुटके आणि प्रहसने लिहिली. ओळींवर मोबदला मिळत असल्याने रात्री उशिरापर्यंत लिहायचे आणि सकाळी शवविच्छेदनाच्या वर्गाला हजर व्हायचे, असा पाच वर्षांचा क्रम होता. १८८४ मध्ये तो डॉक्टर झाला.

पहिले रक्त

त्याच वर्षीच्या डिसेंबरात मॉस्कोच्या जिल्हा न्यायालयात स्कोपिन येथील बँकेच्या अपहाराचा खटला चालू होता. रशियाभर गाजलेल्या या खटल्याचे वृत्तांकन चेकॉव्ह सेंट पीटर्सबर्गच्या एका दैनिकासाठी करीत होता. दिवसभर न्यायालयात बसायचे आणि रात्री मजकूर लिहून पाठवायचा, अशी दगदग सुरू असतानाच त्याला खोकल्यातून रक्त पडले. तीन-चार दिवस ते थांबले नाही. आपल्या साप्ताहिकाचे संपादक लेयकिन यांना त्याने पत्राने ही बातमी कळवली, ती मात्र जाता जाता. रक्तामुळे लिहिणे अडले आणि पीटर्सबर्गची फेरी लांबणीवर पडली, ही त्याची मुख्य तक्रार होती. घशातील एखादी रक्तवाहिनी फुटली असावी, असे निदान त्याने स्वतःच करून टाकले.

१८८६ च्या वसंतात रक्त पुन्हा पडले. या वेळी त्याने लेयकिन यांच्याकडे कबुली दिली, की सहकारी डॉक्टरांकडून छाती तपासून घ्यायची आपल्याला भीती वाटते. डॉक्टर असूनही तपासणीची भीती वाटावी, यातले वैगुण्य त्याला कळत नव्हते असे नाही. मात्र तपासणीनंतर हाती पडणारे उत्तर त्याला नको होते.

पुढे ऑक्टोबर १८८८ मध्ये त्याने आपले स्नेही व प्रकाशक अलेक्सेई सुव्होरिन यांना या दुखण्याविषयी सविस्तर लिहिले. दर हिवाळ्यात, शरदात, वसंतात आणि उन्हाळ्यातल्या प्रत्येक दमट दिवशी आपल्याला खोकला येतो, हे त्याने मान्य केले. रक्त दिसले की त्यात काहीतरी अशुभ जाणवते, हेही नाकारले नाही. परंतु त्यापुढे त्याने वकिली युक्तिवाद केला. क्षय ओळखायचा तो अनेक लक्षणांच्या एकत्रित उपस्थितीवरून, केवळ रक्तावरून नव्हे. आणि न्यायालयातील तो रक्तस्राव खरोखरच क्षयाचा आरंभ असता, तर आपण केव्हाच मरण पावलो असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. दुसऱ्या कोणा रुग्णाने डॉ. चेकॉव्हपुढे असा युक्तिवाद केला असता, तर डॉक्टरांनी तो क्षणभरही मान्य केला नसता.

निदानाचे भय

विशेष म्हणजे चेकॉव्ह वैद्यकीय विद्यार्थी असतानाच क्षयरोगाच्या इतिहासातील सर्वांत मोठा शोध लागला होता. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. हा रोग आनुवंशिक दुर्बलतेचा किंवा हळव्या प्रकृतीचा परिणाम नसून एका सूक्ष्म जंतूचा संसर्ग आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. थुंकीचा नमुना काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तो जंतू दिसू शकतो, हे त्यानंतरच्या काही वर्षांत डॉक्टरांच्या सवयीचे झाले. म्हणजे खोकल्याचे कारण शोधण्याचे साधन उपलब्ध होते. उपलब्ध नव्हता तो उपाय.

क्षयावर त्या काळी औषध नव्हते. विश्रांती, भरपूर खाणे, कोरडी हवा, क्रिओसोट नावाचे डांबरासारखे उग्र द्रव्य आणि रक्त पडू लागले की बर्फ, एवढीच डॉक्टरांची शिदोरी होती. १८९० मध्ये कॉक यांनी ट्युबरक्युलिन हे औषध म्हणून पुढे आणले, तेव्हा युरोपभर आशेची लाट उसळली, पण ती लवकरच ओसरली. अशा स्थितीत निदानाचा अर्थ एकच होता. काम थांबवा, शहर सोडा, दक्षिणेला जा. आई-वडील, बहीण आणि धाकटे भाऊ ज्याच्या लेखणीवर जगत होते, त्याला हा सल्ला परवडणारा नव्हता. त्यात १८८८ मध्ये 'द स्टेप' ही दीर्घकथा प्रसिद्ध झाली आणि मानाचे पुश्किन पारितोषिक मिळाले. नाव होऊ लागले असताना आजारी म्हणून बाजूला होण्याची त्याची तयारी नव्हती.

क्षयाची ओळख त्याला नव्हती असे म्हणता येणार नाही. 'इव्हानॉव्ह' या १८८७ च्या नाटकात नायकाची पत्नी क्षयाने खंगते आणि तिला वाचवू पाहणारा तरुण डॉक्टर नवऱ्याच्या बेपर्वाईवर संतापतो. १८९४ च्या 'द ब्लॅक माँक' या कथेचा नायक रक्ताची उलटी होऊन कोसळतो. साहित्यात चेकॉव्हने या रोगाचा प्रत्येक टप्पा अचूकपणे नोंदवला. घरातल्यांसमोर मात्र तो सर्दी, पडसे, हवाबदल अशी कारणे देत राहिला.

भावाचा मृत्यू, साखालिनचा प्रवास

१८८९ च्या उन्हाळ्यात क्षयाने थेट घरातच प्रवेश केला. थोरला भाऊ निकोलाय हा गुणी चित्रकार होता. त्याचा क्षय झपाट्याने बळावला. चेकॉव्हने त्याला युक्रेनमधील सुमी गावाजवळ भाड्याने घेतलेल्या घरी नेले आणि डॉक्टर म्हणून स्वतः त्याची शुश्रूषा केली. भाऊ वाचणार नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होते. कित्येक आठवड्यांच्या जागरणानंतर तो एक-दोन दिवसांच्या विसाव्यासाठी मित्रांकडे गेला आणि नेमके त्याच वेळी निकोलायचे निधन झाले. तो अवघा ३१ वर्षांचा होता.

या मृत्यूनंतर चेकॉव्हने जे केले, त्याचे कोडे त्याच्या चरित्रकारांना आजही पडते. एप्रिल १८९० मध्ये तो रशियाच्या पूर्व टोकाला असलेल्या साखालिन बेटाकडे निघाला. हे बेट म्हणजे झारच्या राजवटीतील काळे पाणीच. सैबेरियातून जाणारी रेल्वे तेव्हा अस्तित्वात नव्हती. आगगाडी, आगबोट आणि त्यानंतर हजारो किलोमीटर उघड्या घोडागाडीतून, पुराच्या पाण्यातून आणि चिखलातून त्याने प्रवास केला. प्रवासातही खोकल्याने आणि रक्ताने त्याची पाठ सोडली नाही. क्षयाच्या रुग्णाने काय करू नये, याची यादी करायची झाल्यास हा प्रवास तिच्यात सर्वांत वर येईल.

सुमारे अडीच महिन्यांच्या प्रवासानंतर तो बेटावर पोहोचला आणि तीन महिने तेथे राहिला. पहाटे उठून घरोघर जात त्याने कैदी व वसाहतकऱ्यांची जवळपास दहा हजार माहितीपत्रके भरली. फटक्यांची शिक्षा, उपाशी मुले, औषधांविना चाललेली रुग्णालये हे सारे त्याने पाहिले. परतीचा मार्ग समुद्राचा होता. हाँगकाँग, सिंगापूर, कोलंबो आणि सुएझमार्गे तो डिसेंबरात मायदेशी परतला. येताना त्याने श्रीलंकेतून मुंगसे सोबत आणली आणि मॉस्कोच्या घरात त्यांनी काही काळ चांगलाच धुमाकूळ घातला. या प्रवासातून सिद्ध झालेला 'साखालिन बेट' हा ग्रंथ म्हणजे वैद्यकीय शास्त्राचे ऋण फेडण्याचा आपला प्रयत्न, अशी त्याची भावना होती.

मेलिखोवोचा विनावेतन डॉक्टर

१८९२ मध्ये चेकॉव्हने मॉस्कोच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरवरील मेलिखोवो येथे जमीनजुमला खरेदी केला. भूदासाचा नातू जमीनदार झाला. मात्र त्याचे दार गावकऱ्यांसाठी सदैव उघडे राहिले. पहाटेपासून अंगणात रुग्णांची रांग लागे. तपासणी फुकट आणि औषधेही बहुधा फुकटच असत. त्याच वर्षी कॉलऱ्याची साथ पसरू लागली, तेव्हा त्याने २५ खेडी, चार कारखाने आणि एका मठाची जबाबदारी विनावेतन स्वीकारली. झोपड्या उभारायच्या, चुना मागवायचा, श्रीमंतांपुढे देणगीसाठी हात पसरायचे आणि खडबडीत रस्त्यांवरून रात्री-अपरात्री गाडी हाकायची, ही कामे तो महिनोन्‌महिने करीत होता. पुढे त्याने परिसरात तीन शाळा बांधून घेतल्या. १८९७ च्या जनगणनेत प्रगणकांच्या गटाचे कामही अंगावर घेतले.

या साऱ्या काळात खोकला चालूच होता. कधी महिना-दोन महिने उसंत मिळे, मग थंडी पडली की पुन्हा सुरुवात. खोकल्याच्या या लपंडावामुळेच रुग्ण फसतो, हे डॉ. चेकॉव्ह जाणत होते. रुग्ण चेकॉव्ह मात्र प्रत्येक उसंतीला बरे होण्याची खूण मानत राहिला.

ऑक्टोबर १८९६ मध्ये पीटर्सबर्गच्या अलेक्झांड्रिन्स्की नाट्यगृहात 'सीगल'चा पहिला प्रयोग सपशेल कोसळला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. चेकॉव्ह मध्यरात्रीपर्यंत शहराच्या थंड रस्त्यांवर एकटाच भटकत राहिला. पुन्हा नाटक लिहायचे नाही, असा निश्चय करून तो मेलिखोवोला परतला.

जेवणाच्या मेजावर उघडे पडलेले गुपित

मार्च १८९७ मध्ये मात्र सारे पडदे गळून पडले. त्या वेळच्या रशियन पंचांगाप्रमाणे २२ मार्चच्या संध्याकाळी चेकॉव्ह मॉस्कोतील हर्मिटेज या नामांकित उपाहारगृहात सुव्होरिन यांच्यासमवेत जेवायला बसला होता. जेवण सुरू होते न होते तोच त्याच्या तोंडातून रक्ताची धार लागली. बर्फ देऊनही ती थांबेना. सुव्होरिन यांनी त्याला आपल्या हॉटेलवर नेले. काही तासांनी रक्त थांबल्यासारखे वाटले, पण पुन्हा सुरू झाले. तीन दिवसांनी त्याला प्राध्यापक ऑस्ट्रोउमॉव्ह यांच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. विद्यार्थिदशेत चेकॉव्ह ज्यांच्याकडे शिकला, त्यांचेच हे रुग्णालय.

आता तपासणी टाळणे शक्य नव्हते. फुप्फुसांच्या वरच्या भागात क्षयाने घर केल्याचे डॉक्टरांनी निश्चित केले. राहणी बदलावी, वैद्यकीय सेवा बंद करावी, हिवाळ्यात उत्तरेकडे राहू नये, असा आदेश झाला. बारा वर्षे टाळलेले वाक्य अखेर अधिकृत कागदावर उमटले.

रुग्णाने बोलू नये, अशी सक्त ताकीद होती. तरीही टॉलस्टॉय भेटीला आले आणि अमरत्वावर दीर्घ संभाषण झाले. मृत्यूनंतर जीव एका निराकार तत्त्वात विलीन होतो, ही टॉलस्टॉय यांची कल्पना चेकॉव्हच्या शास्त्रीय बुद्धीला मानवली नाही. भेटीनंतर काही तासांतच पुन्हा मोठा रक्तस्राव झाला. तो सावरला, पण त्यानंतर आपल्या आयुष्याला किती मुदत आहे, याविषयी त्याच्या मनात भ्रम उरला नाही.

याल्टातील उबदार कैद

१८९७-९८ चा हिवाळा चेकॉव्हने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस येथे काढला. तेथेच ड्रेफस प्रकरणाचा त्याने बारकाईने अभ्यास केला, एमिल झोला यांची बाजू घेतली आणि ज्यूविरोधी सूर लावणाऱ्या सुव्होरिन यांच्याशी जुना स्नेह ताणला गेला. १८९८ च्या शरदात वडील वारले. मेलिखोवोचा मोह सोडून क्रिमियातील याल्टा येथे कायमचे राहायचे, असे ठरले. समग्र साहित्याचे हक्क १८९९ मध्ये ७५ हजार रूबलला प्रकाशक मार्क्स यांना विकून त्याने तेथे घर बांधले आणि बागेत स्वतःच्या हातांनी झाडे लावली.

हवा चांगली होती, पण त्याचा जीव तेथे रमला नाही. त्याचे विश्व मॉस्कोत होते. डिसेंबर १८९८ मध्ये स्तानिस्लाव्हस्की आणि नेमिरोविच-दांचेन्को यांच्या मॉस्को आर्ट थिएटरने कोसळलेले 'सीगल' पुन्हा उभे केले आणि ते अपूर्व यशस्वी झाले. त्या यशाची बातमी लेखकाला याल्टात तारेने कळली. याच संस्थेतील अभिनेत्री ओल्गा क्निपर हिच्याशी मे १९०१ मध्ये त्याने गाजावाजा न करता विवाह केला. लग्नाआधी तपासणी झाली, तेव्हा रोग पुढे सरकल्याचे आढळले. डॉक्टरांनी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, म्हणजे कुमिसचा उपचार सांगितला. त्यामुळे नवदांपत्याची मधुचंद्राची सहल झाली ती उफा प्रांतातील एका आरोग्यधामात. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने बहीण मारिया हिच्या नावे मृत्युपत्रवजा पत्र लिहिले. घर तिला दिले, गरिबांना मदत करावी, आईला सांभाळावे आणि सर्वांनी गुण्यागोविंदाने राहावे, अशी इच्छा नोंदवली.

नाट्यहंगामात ओल्गा मॉस्कोत आणि चेकॉव्ह याल्टात, असा संसार पत्रांतूनच झाला. तिला रंगभूमी सोडायला लावणे त्याला अन्यायाचे वाटे. याल्टातील त्याचे डॉक्टर आल्टशुलर हे स्वतःही क्षयाचे रुग्ण होते. याल्टा सोडू नका, असे ते परोपरीने विनवीत. १९०३ मध्ये ऑस्ट्रोउमॉव्ह यांनी मात्र उलट सल्ला दिला. हिवाळा मॉस्कोजवळच काढावा, असे त्यांनी सांगितले. ज्या रोगाला औषधच नाही, त्याविषयी दोन नाणावलेले डॉक्टर दोन विरुद्ध दिशा दाखवत होते. चेकॉव्हने अर्थातच मनाजोगता सल्ला स्वीकारला.

या काळातील एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. हवेच्या आशेने रशियाभरातून क्षयाचे गरीब रुग्ण याल्टात येत. त्यांच्या खिशात पैसे नसत आणि खोकणाऱ्या माणसाला राहायला जागा मिळणे दुरापास्त असे. त्यांतले अनेक जण चेकॉव्हच्या दाराशी येऊन उभे राहत. त्याने त्यांच्यासाठी आवाहने लिहिली, वर्गण्या जमवल्या, स्वतःचे पैसे घातले आणि रुग्णांसाठी निवासाची सोय उभी करण्यात पुढाकार घेतला. स्वतःच्या खोकल्यावर पांघरूण घालणाऱ्या माणसाने इतरांच्या खोकल्याकडे कधीही दुर्लक्ष केले नाही.

याच दिवसांत 'थ्री सिस्टर्स' आणि 'चेरी ऑर्चर्ड' ही नाटके लिहून झाली. अखेरच्या नाटकाच्या वेळी शक्ती इतकी क्षीण झाली होती, की दिवसाला मोजक्याच ओळी लिहून होत. १९०४ च्या जानेवारीत त्याच्या वाढदिवशीच 'चेरी ऑर्चर्ड'चा पहिला प्रयोग झाला. नाटकाच्या मध्यंतरात त्याचा सत्कार झाला. भाषणांमागून भाषणे चालू असताना तो रंगमंचावर उभाच होता, फिकट, कृश आणि खोकल्याची उबळ दाबण्याचा प्रयत्न करणारा. त्याला बसू द्या, अशी विनंती प्रेक्षागृहातून झाली, तरी तो अखेरपर्यंत बसला नाही.

बाडेनवायलर

जून १९०४ मध्ये पती-पत्नी जर्मनीला निघाले. बर्लिनमधील एका नामवंत डॉक्टरांनी तपासले आणि काहीही न बोलता हात पसरून ते निघून गेले. तेथून दोघे ब्लॅक फॉरेस्टच्या परिसरातील बाडेनवायलर या आरोग्यस्थळी पोहोचले. त्याच्या खोकल्याने इतर पाहुण्यांची झोपमोड होते म्हणून पहिल्या हॉटेलातून त्यांना बाहेर पडावे लागले. एवढे होऊनही आई आणि बहिणीला तो पत्रांतून प्रकृती सुधारत असल्याचे कळवत होता. परतीच्या प्रवासासाठी ओडेसाला जाणाऱ्या बोटींची चौकशीही त्याने केली.

१५ जुलै १९०४ च्या मध्यरात्रीनंतर त्याला जाग आली आणि त्याने डॉक्टरांना बोलावण्यास सांगितले. पतीने आपणहून डॉक्टर मागवण्याची ती पहिलीच वेळ, अशी नोंद ओल्गाने आपल्या आठवणींत केली आहे. डॉ. श्वोरर यांनी कापराचे इंजेक्शन दिले. काही उपयोग होत नाही असे दिसताच त्यांनी शॅम्पेन मागवली. आपण मरत आहोत, असे चेकॉव्हने त्यांना जर्मन भाषेत शांतपणे सांगितले. पेला रिता केला, बऱ्याच दिवसांत शॅम्पेन घेतली नव्हती अशा अर्थाचे काही पत्नीला म्हणाला आणि डाव्या कुशीवर वळून निजला. थोड्याच वेळात श्वास थांबला. वीस वर्षांचा खोकला त्या रात्री शांत झाला.

ज्याने आयुष्यभर जगण्यातील विसंगती टिपल्या, त्याच्या अंत्ययात्रेतही त्या आल्याच. त्याचे पार्थिव कालव नेण्याच्या शीतडब्यातून मॉस्कोला आणण्यात आले आणि गॉर्कींचा त्यामुळे संताप झाला. रशिया-जपान युद्ध चालू होते. त्याच वेळी स्थानकावर आलेल्या एका सेनानीच्या शवपेटीमागे जमावातील काही लोक चेकॉव्हचीच अंत्ययात्रा समजून चालू लागले. नोवोदेविची येथील दफनभूमीत त्याला वडिलांशेजारी विसावा मिळाला.

औषध आले, खोकला उरला

चेकॉव्हच्या काळात हा रोग सर्वत्र माणसे नेत होता. फिलाडेल्फियाहून १८८६ मध्ये डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी यांनाही क्षयानेच गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या २२ वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. शिकलेल्या विद्येचा उपयोग करण्याची संधी आनंदीबाईंना मिळालीच नाही. चेकॉव्हला ती वीस वर्षे मिळाली, एवढाच काय तो फरक.

क्षयावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये, म्हणजे चेकॉव्हच्या मृत्यूनंतर ३९ वर्षांनी सापडले. पुढे इतर औषधे आली. क्षयरोग्याला घरापासून तोडून आरोग्यधामात पाठवण्याची आवश्यकता नाही, योग्य औषधे दिल्यास घरी राहूनही तो तितकाच बरा होतो, हे सिद्ध करण्याचा मान भारताकडे जातो. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राने केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरातील क्षय-आरोग्यधामांचे युग मावळू लागले. याल्टाची हद्दपारी ही चेकॉव्हची सर्वांत मोठी व्यथा. ती अनावश्यक ठरवणारे संशोधन अशा रीतीने आपल्याच देशात झाले.

आज सर्वसाधारण क्षय सुमारे सहा महिन्यांच्या नियमित औषधोपचाराने बरा होतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी, असे आरोग्य यंत्रणा सांगते आणि सरकारी केंद्रांत ही तपासणी व उपचार विनामूल्य मिळतात. तरीही जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. उपचार अर्धवट सोडल्याने औषधांना न जुमानणारा क्षय हे नवे संकट उभे राहिले आहे. रोगाचे नाव ऐकताच नोकरी जाईल, मुलीचे लग्न मोडेल, शेजारी तोंड फिरवतील, या धास्तीने खोकल्याला सर्दी, धूळ वा विडी-सिगारेटचे नाव देणारी घरे आजही कमी नाहीत.

चेकॉव्हने निदान टाळले, कारण निदानानंतर हाती देण्यासारखे डॉक्टरांकडे काहीच नव्हते. कुटुंब पोसायचे होते, लिहायचे होते, साखालिनला जायचे होते आणि मेलिखोवोचे रुग्ण दाराशी उभे होते. त्याच्या नकाराला निदान एवढे तरी कारण होते. औषध हाताशी असताना तपासणी लांबवणाऱ्या आजच्या रुग्णाला ते कारणही उरलेले नाही.